कच्चा टाका

ऑर्डरमध्ये चार ओळी होत्या:
पुश ट्रॉली एक, फाटकाचा हात-सिग्नल एक,
घासून, रंगवून, स्टेशनसमोरच्या बागेत बसवणे.
चाकं रुळाला वेल्ड करणे.
खाली सही, सहीवर शिक्का,
आणि तारीख मे महिन्याची,
भुसावळात जेव्हा पान्हासुद्धा
ओल्या फडक्याशिवाय हातात धरवत नाही.

घासायला बसलो.
वर चॉकलेटी, त्याखाली पिवळा,
त्याखाली एक लाल, विटेसारखा झालेला,
आणि तळाशी सागवान, अजून वास धरून.
पोरगा म्हणाला, काका, लाकूड कापलं का आज कोणी?
बाकड्यामागच्या दांडीला मात्र
पॉलिश पेपर लावावाच लागला नाही.
दोन जागा, हातभर अंतरावर,
तळव्यांनी गुळगुळीत केलेल्या,
सावद्यापासून रावेरपर्यंत
आणि परत.

सिग्नल केळीच्या मळ्यांमधल्या फाटकावरचा.
तिथं पूल झालाय, ट्रक थांबत नाहीत,
शेंगदाणेवाली बाई कुठं गेली कुणाला माहीत नाही.
हात सरळ करून दिला, दोर बदलला.
काचा बसवताना कळलं,
हिरवी म्हणतो ती काच हिरवी नसतेच.
निळी असते.
मागे रॉकेलची पिवळी ज्योत आली
की दोघी मिळून हिरवा करायच्या.
ठेकेदारानं आत पांढरा एलईडी टाकला होता.
रात्री बघितलं तर सिग्नल निळा,
ना जा म्हणे, ना थांब.
गणपतीच्या आराशीतला पिवळा जिलेटीन
घरी उरला होता. तो गुंडाळला.
बिलात दाखवला नाही.

उद्घाटनाला जुने ट्रॉलीमन शोधा म्हणाले.
चौघांपैकी एकच निघाला,
गुलशेर तडवी, यावलकडच्या पाड्यावरचा.
नातवाच्या मोटारसायकलवर आला,
पांढरा सदरा, घडीची रेघ अजून ताजी.
ट्रॉलीभोवती एक फेरी मारली,
छत्रीच्या खोबणीत बोट घालून पाहिलं.
साहेब म्हणाले, बसा ना बाबा, फोटो काढू.
तो म्हणाला,
‘मले बसनं नही येत, साहेब.
ढकलनं येते.’

मग साहेबच बसले.
लाल झेंडी दिली हातात, वर छत्री.
गुलशेरबाबांनी चपला काढल्या,
जोडीनं ठेवल्या हिरवळीवर,
आणि एक पाय रुळावर, मग दुसरा.
मी विचारलं, भाजत नाही का?
‘भाजे ना.
रूळ तपेल राहे म्हनून तं पयत होतो.
साहेबाले वाटे, गडी जोराचा हाय.’

आता सांगतो.
चाकं मी वेल्ड केली होती.
पण कच्चा टाका घातला होता,
एकेका चाकाला एकच, वाटाण्याएवढा.
आणि त्याआधी बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं होतं,
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

फोटोग्राफर म्हणाला, हसा.
टक्.
मग टक् टक् टक्.
साहेबांची टोपी मागे गेली,
छत्री कलली, कुणाची तरी बायको ओरडली,
आणि ऐंशीच्या पुढचा माणूस
अडीच इंचांच्या लोखंडावरून
खाली न बघता पळाला,
पाच पावलं, कदाचित सहा.
रूळच तेवढा होता.
शेवटच्या बोल्टाशी तो उतरला,
जसं कुणी पायरी उतरावं.
ट्रॉली ठोकळ्याला लागून थांबली.
साहेबांच्या हातातली झेंडी
अजून उभीच होती.

त्याला धाप लागली होती. नातू पाणी घेऊन धावला.
पाणी राहू दिलं, सिग्नलकडे बघत म्हणाला,
‘हात पडेल नही अजून. गाडी जायाची हाय.’

मेमो आला तिसऱ्या दिवशी.
वेल्ड आता पक्कं आहे, मीच केलंय,
चारही चाकांना, पूर्ण फिरून.
दांडीला वॉर्निश मारलं,
त्या दोन जागा सोडून.

काल दुपारी बागेत कोणी नव्हतं.
बूट काढले, मोजे काढले,
रुळावर पाय ठेवला
आणि मोजायला लागलो.
तीनपर्यंत पोचलो.